गळती

धाकटीला दवाखान्यातून घरी आणायचं त्या दिवशी दुकान उघडायचं की नाही, यावरून थोरल्याचं आणि त्याच्या बायकोचं सकाळीच वाजलं. थोरला म्हणाला, औषधाचं दुकान आहे, खेळण्यांचं नाही. बायको म्हणाली, सख्खी बहीण मरता मरता वाचली, एक दिवस शटर ओढलं तर कुणाचा जीव जाणार नाही. शेवटी शटर अर्धं ओढून ठेवायचं ठरलं. या घरातली बहुतेक भांडणं अशी अर्ध्यावरच मिटायची, आणि उरलेलं अर्धं पुढच्या भांडणाला उपयोगी पडायचं.

धाकटीला तिच्या स्वतःच्या घरी नेता येईना. ते चौथ्या मजल्यावर, आणि तिथली लिफ्ट तीन आठवडे बंद, म्हणून थोरल्याकडं आणलं. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. एरवी यावर घरात तासभर तरी हसणं झालं असतं. त्या दिवशी थोरल्यानं फक्त "काय जावईबापू, घरचं काम फुकट करावं लागतं म्हणून लांबवताय ना?" एवढं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बहिणीच्या पाठीमागं उशी सरकवली.

दुकानाच्या वरच्या या खोलीत कितीही खिडक्या उघडल्या तरी खोकल्याच्या औषधाचा वास जात नसे. तिघं भावंडं याच वासात वाढली. याच खोलीत धाकटी एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा कोसळली होती. तिच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी तेव्हाच कामातून गेल्या. त्या जे बनवतात ते तेव्हापासून बाहेरून द्यावं लागतं: एक छोटी पांढरी गोळी, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, जन्मभर. ताप आला की दुप्पट. चुकली तर रक्तदाब घसरतो आणि माणूस काही तासांत जाऊ शकतो. वडील होते तोवर ते मोठ्या बरणीतून गोळ्या मोजून तिला पुडी बांधून द्यायचे. गोळीपेक्षा पुडीचा कागद महाग पडतो, असं म्हणायचे. वडिलांनंतर थोरला देऊ लागला. तीस वर्षं निभली. आणि गेल्या बुधवारी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली ती उठलीच नाही.

अकरा वाजता मधला आला. हातात फळांची टोपली, दोघांनी मिळून उचलावी एवढी. थोरल्या वहिनीनं ती घेतली आणि कुठं ठेवावी ते न कळून जमिनीवर ठेवली. तिला मधल्या दिराचं कौतुक होतं आणि ती ते लपवत नसे. तिची मुलगी त्याच्याच कंपनीत लागली होती, त्याच्याच शब्दावर, आणि आजच्या दिवसात काही बोलाचाली होऊन त्याचा भुर्दंड मुलीवर पडू नये एवढीच तिची इच्छा होती. म्हणून तिनं त्याला खिडकीजवळची खुर्ची दिली, नवऱ्यापासून सगळ्यात लांबची.

"एकटेच, भाऊजी? जाऊबाई नाही आल्या?"

"तिला काम निघालं अचानक."

"दर वेळी कसं गं अचानक निघतं," थोरला बायकोकडं बघून म्हणाला. मधल्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

तो बहिणीजवळ गेला. तिच्या मनगटावर सुईची निळी खूण होती. "कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"बरी आहे, भाऊ. एवढी फळं खाऊन परत आजारी पडेन."

सगळे हसले. वहिनीला जरा धीर आला. चहा झाला, लिफ्टचा विषय निघाला, डॉक्टर किती तरुण होता आणि केस किती लांब होते हेही निघालं. मग थोरल्यानं कप खाली ठेवला.

"डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर संपलं होतं."

"हो, मला कळलं," मधला म्हणाला.

"तुला कळलं. बरं झालं." थोरल्याचा आवाज चढला नव्हता. तो चढण्याआधी असाच खाली जायचा. "माझ्याकडं या गोळीची बारा माणसं आहेत. ही धरून बारा. तो म्हातारा पोस्टमन, पोहायला शिकवणारी ती बाई, शिवणवालीचा नऊ वर्षांचा पोरगा. बाबांच्या वेळेपासून ही गोळी आपल्या दुकानातून जाते. तीन वर्षांपूर्वी तुझ्या कंपनीनं ही गोळी बनवणारा कारखाना घेतला. तेव्हापासून भाव नऊपट. गोळी तीच, साठ वर्षांपूर्वीची. वर फक्त चंदेरी पाकीट आलं. शिवणवाली परवा मला विचारते, दुकानदार, पाकिटाशिवाय मिळेल का? काय सांगू मी तिला?"

"दादा, कारखाना बंदच पडणार होता. आम्ही घेतला नसता तर गोळीच मिळाली नसती."

"हे तुझ्या तोंडात कुणी घातलं?"

"कुणी कशाला घालायला पाहिजे? खरं आहे ते."

आणि ते खरं होतंही. मधला खोटं बोलणारा माणूस नव्हता. दर ठरवणाऱ्या विभागात त्याची बारा वर्षं गेली होती, आणि तिथं खोटं बोलायची गरज फारशी पडत नाही. तिथं एक मोठा तक्ता असतो. त्यात औषधं घ्यायची, औषध घेणारी माणसं घ्यायची, आणि भाव इतका वाढवला तर काय होईल हे बघायचं. तो तक्ता तो चांगला करायचा. या गोळीचाही त्यानंच केला होता. नऊपट हा आकडा त्याचा नव्हता, तो वरून आला; पण वरच्यांनी जिच्या भरवशावर तो काढला ती ओळ त्याची होती.

"तुझा स्वतःचा हात नाही ना त्यात?" थोरल्यानं विचारलं.

"अहो, पुरे," वहिनी म्हणाली. "तिला त्रास होतोय."

"मला नाही होत," धाकटी म्हणाली. "बोलू दे त्यांना."

मधल्यानं चष्मा काढून पुसला. "हात म्हणजे काय, दादा? मी फक्त अंदाज देतो. कोणत्या औषधाला गळती किती, एवढंच. या गोळीला गळती शून्य. ते मी नाही ठरवलं, ते तसंच आहे."

"गळती म्हणजे?" धाकटीनं विचारलं.

"म्हणजे... भाव वाढल्यावर जे लोक औषध सोडतात ते. रक्तदाबाच्या गोळीला असते, झोपेच्या गोळीला तर भरपूर. काही लोक स्वस्तातलं दुसरं घेतात, काही बंदच करतात."

"आणि आमच्याला शून्य."

"तुमच्याला दुसरी गोळी नाही ना. सोडताच येत नाही."

"हे तुला कसं माहीत?"

खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. ज्या घरात एक माणूस तीस वर्षं ती गोळी घेतोय, एकदाही न चुकता, त्या घरात वाढलेल्याला ते पुस्तकात बघावं लागत नाही. कंपनीतल्या पहिल्या बैठकीत कुणीतरी शंका काढली होती, तेव्हा तो म्हणाला होता, माझ्या घरीच आहे एक, ती नाही सोडणार. बैठक पुढं सरकली होती. हे त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं आणि आत्ताही सांगितलं नाही. पण धाकटीनं त्याच्याकडं बघितलं आणि मान हलवली, जशी एखादी गोष्ट पटल्यावर माणूस हलवतो तशी.

"मी काही रिकाम्या हातानं नाही आलो," तो घाईनं म्हणाला आणि बॅगेतून एक फॉर्म काढला. "नातेवाइकांची सवलत. लग्न झालेल्या बहिणीला मिळत नाही, पण मी खास परवानगी काढली. तीन दिवस लोकांच्या मागं फिरलो. वर्षभर अर्ध्या किमतीत मिळेल. सही तेवढी हवी."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. "बघा! मी म्हणत नव्हते, भाऊजी काहीतरी करतील म्हणून?"

थोरल्यानं तोंड वाकडं केलं, तेवढंच. अर्धी किंमत ही नाक मुरडण्यासारखी गोष्ट नव्हती, आणि त्याचं दुकान बहिणीला जेवढी सूट देऊ शकत होतं तेवढी आधीच देत होतं.

धाकटीच्या नवऱ्यानं, लिफ्टवाल्यानं, फॉर्म हातात घेतला. सकाळपासून तो एका शब्दानं बोलला नव्हता. तो मुळातच कमी बोलायचा; बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना धीर देताना जेवढं बोलावं लागतं तेवढंच त्याचं बोलणं. आज मात्र तो वेगळ्या कारणानं गप्प होता. त्याच्या कोटाच्या खिशात एक पत्र्याची डबी होती, आणि तिच्यावर त्याचा हात तीन दिवसांपासून होता.

त्यानं फॉर्म वरपासून वाचला. हा माणूस कुठल्याही कागदावर वाचल्याशिवाय सही करत नसे. त्याच्या धंद्यात न वाचता सही केली तर लिफ्ट कोसळते. चौथ्या ओळीवर तो थांबला आणि ती मोठ्यानं वाचली. "रुग्ण सदर औषध नियमित घेत असून गेल्या सहा महिन्यांत एकही मात्रा चुकलेली नाही."

"ते असंच असतं," मधला म्हणाला. "सगळ्या फॉर्मवर असतं. करा सही."

"तिला करू द्या," लिफ्टवाला म्हणाला. त्यानं डबी काढली आणि बायकोच्या मांडीवर ठेवली. "बुधवारी दवाखान्यात गरम कपडे हवे होते म्हणून कपाट उघडलं. स्वेटरच्या घडीत होती. मोजल्या मी. एकशे सतरा आहेत."

डबी शिवणाच्या बटणांची. आत पांढऱ्या गोळ्या, चंदेरी पाकिटातून सोडवून सुट्या केलेल्या.

खाली दुकानात अर्ध्या शटरखालून वाकून कुणीतरी हाक मारली, थांबलं आणि निघून गेलं.

"त्याआधी डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं, गोळ्या चुकल्या का," लिफ्टवाला म्हणाला. "मी तीनदा शपथेवर सांगितलं, नाही. दर महिन्याला तीन पाकिटं मीच आणतो, रिकामी पाकिटं मीच टाकतो." त्याचा आवाज फाटला. त्याला ते आवडलं नाही, पण थांबताही आलं नाही. "तीन रात्री मी एकच विचार करतोय. मरायचं होतं का तुला? माझं काही चुकलं का?"

"वेडे आहात का?" धाकटी ताठ बसली. "मरायचं कशाला! जगायचं होतं म्हणून साठवल्या."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे. सध्या तीन पाकिटांचे पैसे जेमतेम निघतात. उद्या अजून वाढली तर? तेव्हा हाताशी असाव्यात म्हणून दुपारची ठेवून द्यायचे बाजूला. दुपारी तुम्ही नसता. नव्वदाच्या साठ घेतल्या तरी चालतंय असं वाटलं. पाय दुखायचे, गळून जायचं, पण चालत होतं. मग गेल्या आठवड्यात कणकण आली."

"आणि तापाला दुप्पट?" थोरला म्हणाला. त्याचा आवाज आता खरंच चढला. "बाबांनी तुझ्याकडून पाठ करून घेतलं होतं! लहान पोरांना सांगावं तसं!"

"थर्मामीटर लावलाच नाही मी, दादा. लावला असता तर दुप्पट घ्यावी लागली असती."

थोरला तिच्याकडं बघतच राहिला. औषधवाल्याच्या घरातल्या माणसाशिवाय असा हिशेब कुणाला सुचला नसता. त्याला तिची कीव आली आणि राग आला, आणि नेहमीप्रमाणे राग आधी बाहेर पडला. "अगं पण तुला सांगितलं कुणी अजून वाढणार म्हणून? मी दुकान चालवतो, मला पत्ता नाही!"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे," धाकटी म्हणाली. "वाढतच असतंय की."

तिनं हे म्हणताना मधल्याकडं बघितलं नाही. म्हणूनच त्याला कळलं.

चार महिन्यांपूर्वी, वहिनीच्या मुलीला नोकरी लागली म्हणून सगळे इथं जेवायला जमले होते. निघताना जिन्यात तो आणि धाकटी दोघंच होते. कंपनीत नव्या भावाची चर्चा तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. ती बाहेर फुटली तर नोकरी जायची, शिवाय खटला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा कंपनीची गोष्ट बाहेर सांगितली. म्हणाला, थोड्या जास्तीच्या घेऊन ठेव. का म्हणून विचारू नकोस. त्या रात्री त्याला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं. जास्तीच्या घ्यायला तिच्याजवळ जास्तीचे पैसे नसतील, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि तिच्या घरी तीनच पाकिटं जात राहिली, तीच नेहमीची. त्याच्या तक्त्यात ती आजही पूर्ण गोळ्या घेणारी होती. गळती शून्य.

तो गप्प बसला असता तर निभलं असतं. धाकटीनं तशी वाट करून दिली होती. वहिनी तर उठून कप गोळा करायलाही लागली होती.

"मी सांगितलं तिला," मधला म्हणाला.

वहिनीच्या हातातला कप बशीवर वाजला. "भाऊजी, तुम्ही काही बोलू नका. आपल्या पोरीची नोकरी..."

"मी सांगितलं, जास्तीच्या घेऊन ठेव म्हणून. मला वाटलं, घेईल." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं चष्मा पुन्हा काढला, पण आता पुसायला नाही. "मला वाटलं, मी तिला वाचवतोय."

थोरला उठून त्याच्यापर्यंत गेला. लिफ्टवाल्याला वाटलं, मारतोय की काय, आणि तो मध्ये पडायच्या बेतानं पुढं झाला. पण थोरल्यानं भावाच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसला. लहानपणी मधला परीक्षेत नापास झाला होता तेव्हाही थोरला असाच समोर बसला होता, वडिलांना सांगायच्या आधी.

"भाऊ," धाकटी म्हणाली, "त्या फॉर्मवर अर्धी किंमत म्हणजे कधीच्या किमतीच्या अर्धी? आजच्या?"

"त्या त्या वेळच्या."

"आणि त्या वेळची किती असणार आहे?"

हा प्रश्न त्याला कंपनीत कुणी विचारला असता तर त्याच्याजवळ सहा उत्तरं होती. इथं एकही उपयोगाचं नव्हतं.

"तिप्पट," तो म्हणाला. "एक तारखेपासून."

त्या दिवशी सव्वीस तारीख होती. धाकटीनं मनात हिशेब केला. तिला तो करायला वेळ लागला नाही. तिपटीच्या अर्धी म्हणजे आजच्यापेक्षा दीडपट. तिनं डबीचं झाकण लावलं आणि डबी जवळ ओढून घेतली. ते लिफ्टवाल्यानं बघितलं, आणि थोरल्यानंही.

थोरल्यानं खिशातून फोन काढला. घरात आता कुणी कुणाच्या बाजूनं नव्हतं; सगळे एकाच बाजूला आले होते आणि ते कुणी ठरवलं नव्हतं. "होलसेलरकडं काय माल पडलाय बघतो. एक तारखेच्या आत उचलला तर जुन्याच भावात मिळेल. पैशाचं मी बघतो. हिच्या... अगं, तुझी ती बँकेतली ठेव मोडावी लागेल."

"मोडा," वहिनी लगेच म्हणाली.

मधला खाली बघत होता. याचीही ओळ त्याच्या तक्त्यात होती. भाव वाढणार अशी कुणकुण लागली की दुकानदार माल उचलतात. 'साठवण' असं तिचं नाव, आणि ती किती टक्के होईल हेही त्यानंच लिहून दिलं होतं. त्यानं ते आत्ता सांगितलं नाही. सांगून काही थांबणार नव्हतं.

"हां, मी बोलतोय. ती पांढरी, हो, चंदेरी पाकिटातली. किती आहेत तुझ्याकडं?" थोरल्यानं ऐकलं. "चाळीस? एवढीच? नवी कधी येणार? ...एक तारखेनंतर. बरं."

चाळीस पाकिटं म्हणजे बारा माणसांना जेमतेम महिनाभर. एका माणसाला वर्षावर.

वहिनीच्या तोंडून निघून गेलं, "उद्या शिवणवाली येणार आहे. पोराच्या संपत आल्यात म्हणत होती."

थोरल्यानं फोन छातीशी धरून त्यावर हात ठेवला. तासाभरापूर्वी ज्या बारा जणांची नावं त्यानं भावाच्या तोंडावर मारली होती, ती सगळी आता त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती. तो नवा माणूस झाला नव्हता. होता तोच होता, फक्त चाळीसच पाकिटं होती. त्यानं बायकोकडं बघितलं, भावाकडं बघितलं. कुणी मदत करेना.

"सांग तूच," तो धाकटीला म्हणाला. "काय सांगू त्याला? सगळी वर घरी, तुझ्यापुरती, की दुकानात, सगळ्यांना वाटून?"

धाकटीला तो पोरगा माहीत होता. दुकानाच्या पायरीवर बसून तो बुटांच्या नाड्या सोडायचा आणि परत बांधायचा. तिनं त्याला एकदा सांगितलंही होतं, माझीपण हीच गोळी आहे बरं का, काही होत नाही, बघ मी केवढी झाले. ते तिला आठवलं. दवाखान्यातली ती बुधवारची संध्याकाळही आठवली, स्वतःचा हात उचलता येत नव्हता ती. सगळे तिच्याकडं बघत होते. दुपारचे दोन वाजत आले होते आणि डॉक्टरांनी आठवडाभर दुप्पट सांगितली होती.

तिनं डबी उघडली आणि दोन गोळ्या काढल्या.

"वहिनी," ती म्हणाली, "जरा पाणी देता?"

थोरल्यानं फोनवरचा हात काढला. "सगळी पाठव," तो म्हणाला. "दुकानात नको, वर घरी."